मर्सिडीज-एएमजीचे ‘एम १३९’ इंजिन : रचना, कार्य आणि आपल्या यंत्रोद्योगासाठी त्याचा अर्थ

सारांश

जर्मनीतील मर्सिडीज-एएमजी या कंपनीने २०१९ मध्ये ‘एम १३९’ हे दोन लिटर क्षमतेचे, चार सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन जगापुढे आणले. त्याची शक्ती ४२१ अश्वशक्ती एवढी आहे. एवढ्या लहान आकारातून एवढी शक्ती कशी निर्माण होते, त्यासाठी कोणती किंमत मोजावी लागते आणि या यंत्राचा महाराष्ट्रातील उद्योगाशी व तंत्रशिक्षणाशी कोणता संबंध पोहोचतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. इंजिन जोडण्याचे कौशल्य आणि इंजिन कल्पिण्याचे सामर्थ्य या दोन भिन्न गोष्टी असून दुसरीशिवाय पहिली फार काळ टिकत नाही, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

१. प्रस्तावना

ठाण्यातील खोपट हा परिसर बाहेरच्या माणसास प्रामुख्याने एसटीच्या स्थानकामुळे ठाऊक असतो. पहाटे पहिली गाडी सुरू होते तेव्हा डिझेल इंजिनाची घरघर आसपासच्या इमारतींपर्यंत पोहोचते. याच परिसरातून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने पदवीच्या वर्गात उष्मागतिकीचे प्रकरण चालू असताना एक प्रश्न विचारला. त्याचे वडील बसगाड्यांच्या दुरुस्तीचे काम करीत असत. तो म्हणाला, “सर, आमच्या जुन्या लालपरीचं इंजिन पावणेसहा लिटरचं. शक्ती शंभर-एकशेदहा घोड्यांची. मग दोन लिटरच्या मर्सिडीजमध्ये चारशे एकवीस घोडे बसतात कुठं?”

प्रश्न साधा होता. उत्तर मात्र एका तासिकेत मावण्यासारखे नव्हते. त्यात भौतिकशास्त्र होते, धातुशास्त्र होते, कारागिरी होती आणि थोडा इतिहासही होता. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर देण्याचा प्रयत्न होय. लेखाची उद्दिष्टे तीन आहेत : पहिले, सदर इंजिनाचे कार्य सामान्य वाचकास समजेल अशा भाषेत मांडणे, दुसरे, बसच्या इंजिनाशी त्याची तुलना करून ‘अधिक शक्ती म्हणजे अधिक चांगले यंत्र’ हा समज तपासणे, आणि तिसरे, जर्मन इंजिनांचा महाराष्ट्राशी असलेला जुना संबंध ध्यानात घेऊन आपण त्यातून काय शिकलो आणि काय शिकावयाचे राहिले, याचा विचार करणे.

२. एएमजी : एका लहान कार्यशाळेची वाटचाल

एएमजी हे नाव तीन आद्याक्षरांचे बनले आहे. हान्स वेर्नर आउफ्रेख्ट आणि एर्हार्ड मेल्शर हे दोन अभियंते आणि आउफ्रेख्ट यांचे जन्मगाव ग्रोसआस्पाख, यांवरून ते घेतले गेले. १९६७ मध्ये दोघांनी बुर्गश्टाल येथील एका जुन्या गिरणीच्या जागेत शर्यतीच्या इंजिनांचे काम सुरू केले. १९७१ मध्ये बेल्जियममधील स्पा येथील चोवीस तासांच्या शर्यतीत त्यांनी सिद्ध केलेल्या ६.८ लिटर इंजिनाच्या अवजड मर्सिडीजने दुसरा क्रमांक मिळविला आणि या कार्यशाळेचे नाव सर्वतोमुखी झाले. १९७६ मध्ये कार्यशाळा अफाल्टरबाख या गावी हलली. पुढे १९९९ मध्ये तत्कालीन डायमलर-क्रायस्लर कंपनीने तिचा बहुसंख्य हिस्सा घेतला आणि २००५ मध्ये ती पूर्णपणे त्या समूहाची झाली.

मोठ्या समूहात सामील झाल्यावरही एएमजीने आपली एक रीत जपली. ती ‘एक माणूस, एक इंजिन’ या नावाने ओळखली जाते. येथील प्रमुख इंजिने एकच कारागीर आरंभापासून शेवटापर्यंत जोडतो. जोडणीची ढकलगाडी एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर जाते आणि तिच्याबरोबर तोच माणूस पुढे सरकतो. काम पूर्ण झाल्यावर इंजिनावर त्याच्या सहीची धातूची पट्टी बसविली जाते. प्रत्येक बोल्ट किती जोराने आवळला गेला याची नोंद विद्युत अवजारे ठेवतात. परंतु जबाबदारी मात्र एका नावावर राहते. ‘एम १३९’ हे इंजिनही याच रीतीने घडते.

३. शक्ती येते कोठून?

चार आघातांच्या इंजिनाचे तत्त्व शालेय पुस्तकांतून सर्वांस परिचित आहे. दट्ट्या खाली जाताना हवा व इंधन आत ओढले जाते, वर येताना ते दाबले जाते, ठिणगी पडून ते जळते व दट्ट्यास खाली ढकलते आणि अखेरीस जळलेला वायू बाहेर टाकला जातो. या चक्रातून मिळणारी शक्ती तीन गोष्टींवर ठरते : सिलिंडरांचे एकूण आकारमान, दट्ट्यावर पडणारा सरासरी दाब आणि मिनिटास होणाऱ्या फेऱ्यांची संख्या. या तिन्हींचा गुणाकार म्हणजे शक्ती असे ढोबळमानाने म्हणता येईल.

विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर या गुणाकारातच दडलेले आहे. अनेक वर्षे आपल्या रस्त्यांवर धावलेल्या टाटाच्या ‘६९७’ या इंजिनाचे नावच त्याची रचना सांगते : सहा सिलिंडर आणि प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर. आकारमान ५,६७५ घन सेंटिमीटर. त्याच्या टर्बो नसलेल्या आवृत्तीची शक्ती एकशेदहा अश्वशक्तीच्या आसपास. म्हणजे लिटरमागे वीसही नाही. ‘एम १३९’ चे आकारमान १,९९१ घन सेंटिमीटर आणि शक्ती ६,७५० फेऱ्यांना ४२१ अश्वशक्ती; म्हणजे लिटरमागे सुमारे २११. तुलनेसाठी १९८३ मध्ये आलेली मारुती ८०० घ्यावी : ७९६ घन सेंटिमीटर आणि ३७ अश्वशक्ती, लिटरमागे सुमारे ४६.

बसच्या इंजिनाचा आकार मोठा असला तरी उरलेले दोन घटक त्याच्याकडे अल्प आहेत. ते मिनिटास तीन हजार फेऱ्यांच्या आतच राहते. जर्मन इंजिन ७,२०० फेऱ्यांपर्यंत जाते. फेऱ्यांचा वेग साधारण अडीचपट आणि दट्ट्यावरील सरासरी दाब चौपटीहून काहीसा अधिक. या दोहोंचा गुणाकार दहा-अकरा येतो, आणि लिटरमागील शक्तीतील तफावतही नेमकी तेवढीच आहे. यात चमत्कार काही नाही. प्रश्न एवढाच उरतो की, हा दाब आणि हा वेग सहन करणारे यंत्र घडविले कसे?

४. रचनेची वैशिष्ट्ये

(अ) टर्बो : हवेची सक्तीची भरती

इंधन कितीही आत सोडता येते. अडचण हवेची असते. हवा नसेल तर इंधन जळत नाही. टर्बो हे या अडचणीवरचे उत्तर होय. बाहेर पडणाऱ्या तप्त वायूवर एक लहान चक्र फिरते आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून आत ढकलते. ‘एम १३९’ मध्ये ही हवा वातावरणाच्या दाबापेक्षा २.१ बार अधिक दाबाने आत जाते. म्हणजे एकूण दाब वातावरणाच्या तिपटीहून अधिक होतो. टर्बोचा दांडा मिनिटास १,६९,००० फेऱ्यांपर्यंत फिरतो. एवढ्या वेगात घर्षण कमी राहावे म्हणून तो साध्या बुशवर न बसविता रोलर बेअरिंगवर बसविला आहे. त्यामुळे चालकाने पाय दाबल्यानंतर टर्बो वेगात येण्यास जो विलंब लागतो तोही कमी होतो.

(आ) उलटे बसविलेले इंजिन

याच वर्गातील आधीच्या ‘एम १३३’ इंजिनाच्या तुलनेत हे इंजिन उभ्या अक्षाभोवती १८० अंशांनी फिरवून बसविले आहे. त्यामुळे टर्बो व धुराड्याची बाजू मागे, चालकाच्या कक्षाकडील भिंतीजवळ गेली आणि हवा घेण्याची बाजू पुढे आली. हवेचा मार्ग आखूड व सरळ झाला, वळणे कमी झाली. पाण्याच्या नळीस जितके कोपरे अधिक तितका प्रवाह मंद, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक असते. येथे तेच तत्त्व हवेला लावले आहे.

(इ) दाब सोसणारे शरीर

सिलिंडरांचा ठोकळा अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असून तो धातूच्या साच्यात ओतून वेगाने थंड केला जातो. त्यामुळे धातूचे कण बारीक व दाट बसतात आणि बळकटी वाढते. ठोकळ्याचा वरचा पृष्ठभाग बंद ठेवलेला आहे. म्हणजे सिलिंडरांभोवती पाण्यासाठी मोकळी खाच न सोडता केवळ आवश्यक तेवढी छिद्रे ठेवली आहेत. सिलिंडर वरच्या टोकाशी हलू नये यासाठी ही योजना होय. दट्ट्ये व क्रँकशाफ्ट घडीव धातूचे आहेत. सिलिंडरांच्या आतील पृष्ठावर ओतीव लोखंडाचे वेगळे अस्तर न बसविता लोहमिश्रणाचा अतिशय पातळ थर फवारून चढविला जातो. हा थर नेहमीच्या ओतीव लोखंडी अस्तराच्या सुमारे दुप्पट कठीण असल्याचे निर्माते सांगतात. संपूर्ण इंजिनाचे वजन सुमारे १६० किलोग्रॅम आहे.

(ई) दोन वाटांनी इंधन

कमी भार असताना इंधन थेट सिलिंडरात फवारले जाते. भार वाढला की दुसरी व्यवस्था कामास लागते आणि हवेच्या मार्गातही इंधन सोडले जाते. उच्च शक्तीसाठी एकाच फवाऱ्यातून लागेल तेवढे इंधन अत्यल्प वेळात देणे कठीण असते, म्हणून ही दुहेरी योजना. हा वेळ किती अल्प असतो हे पाहणे उद्बोधक ठरेल. ७,२०० फेऱ्यांना प्रत्येक सिलिंडरात सेकंदाला ६० वेळा ज्वलन होते. चारही मिळून २४० वेळा. दट्ट्याचा एक आघात ९२ मिलिमीटरचा आहे. या वेगाला दट्ट्या सरासरी सेकंदाला २२ मीटर एवढे अंतर कापतो आणि त्याच सेकंदात २४० वेळा पूर्ण थांबून दिशा बदलतो.

५. शक्तीची किंमत

निसर्ग फुकट काही देत नाही. उष्मागतिकीचा नियमही तेच सांगतो. हवा दाबली की ती तापते. आधीच दाबलेली हवा सिलिंडरात पुन्हा दाबली तर मिश्रण आपोआप पेट घेऊ लागते. गॅरेजमधील मेकॅनिक ज्यास ‘इंजिन नॉक करते’ म्हणतात तो प्रकार येथे दट्ट्या फोडू शकतो. म्हणून या इंजिनाचे संपीडन गुणोत्तर ९ ठेवले आहे. आदर्श ऑटो चक्राच्या सूत्रानुसार गुणोत्तर ९ असताना कार्यक्षमता सुमारे ५८ टक्के येते, ते १०.५ असते तर ती सुमारे ६१ टक्के आली असती. प्रत्यक्षातील इंजिने या आदर्शापासून बरीच दूर असतात. इंधनातील उष्णतेचा मोठा भाग धुराड्यातून व पाण्यातून निघून जातो. तात्पर्य, कमाल शक्तीच्या हव्यासापायी थोडी काटकसर सोडावी लागते.

दुसरी किंमत आयुष्याची व देखभालीची. बसचे इंजिन संथ आहे, अवजड आहे. परंतु तेच त्याचे बळ होय. ते खडबडीत रस्त्यावर, घाटात, सामान्य प्रतीच्या तेलावर वर्षानुवर्षे चालते आणि आगारातल्या अवजारांनी उघडून पुन्हा बसविता येते. ‘एम १३९’ ला शुद्ध तेल, उत्तम इंधन, संगणकीय निदान आणि प्रशिक्षित हात लागतात. दोन्ही यंत्रे आपापल्या कार्यासाठी योग्य आहेत. एकास पन्नास माणसे रोज गावी पोहोचवावयाची असतात. दुसऱ्यास दोन-चार माणसे ताशी १०० किलोमीटर वेगापर्यंत ३.९ सेकंदांत न्यावयाची असतात. यंत्राचे मूल्य त्याच्या कामावरून ठरवावे, घोड्यांच्या संख्येवरून नव्हे, हे वर्गातील विद्यार्थ्यांस आवर्जून सांगावेसे वाटते.

तथापि अशा यंत्रांची उपयुक्तता केवळ श्रीमंतांच्या हौसेपुरती राहत नाही, हेही नमूद करणे आवश्यक आहे. लहान इंजिन आणि टर्बो ही जोडी आता सामान्य गाड्यांतही आली आहे. २०१७ मध्ये टाटा नेक्सॉन आली तेव्हा तिच्या १.२ लिटर टर्बो पेट्रोल इंजिनाची शक्ती ११० अश्वशक्ती होती. जुन्या बसच्या सहा सिलिंडरी इंजिनाएवढी शक्ती पाचव्या हिश्श्याच्या आकारमानातून मध्यमवर्गीय कुटुंबाच्या दारी आली. वरच्या वर्गातील गाड्यांत सिद्ध झालेले तंत्र काही वर्षांनी खाली झिरपते, असा यंत्रोद्योगाचा नेहमीचा अनुभव आहे.

६. पुढचे पाऊल : विजेची साथ

‘एम १३९’ चा पुढील अवतार अधिक उद्बोधक आहे. एएमजीने टर्बोच्या दोन चक्रांच्या मध्ये, त्याच दांड्यावर, सुमारे चार सेंटिमीटर जाडीची विद्युत मोटर बसविली. चालकाने पाय दाबताच ही मोटर टर्बोला फिरविते; तप्त वायूची वाट पाहावी लागत नाही. ही कल्पना फॉर्म्युला वन शर्यतीतून आली. तेथे २०१४ पासून टर्बोला जोडलेली विद्युत यंत्रणा वापरात होती. २०१७ मध्ये मर्सिडीजच्या शर्यतीच्या इंजिनाने चाचणीत ५० टक्क्यांहून अधिक औष्णिक कार्यक्षमता गाठली, ही पेट्रोल इंजिनाच्या इतिहासातील मोठी घटना होय. २०२६ च्या नव्या नियमांनी टर्बोवरील ही यंत्रणा शर्यतीतून वगळली. रस्त्यावरच्या गाडीत मात्र तिचा वारसा राहिला आहे.

सी ६३ एस ई परफॉर्मन्स या गाडीत दोन लिटरचे हेच इंजिन ४७६ अश्वशक्ती देते. मागील चाकांकडे बसविलेली विद्युत मोटर २०४ अश्वशक्तीची भर घालते; एकूण ६८० अश्वशक्ती. ही गाडी नोव्हेंबर २०२४ मध्ये भारतात १ कोटी ९५ लाख रुपये या मूळ किमतीस दाखल झाली. तिच्या आधीच्या पिढीत चार लिटरचे आठ सिलिंडरी इंजिन असे. आकडे वाढले, पण आठ सिलिंडरांचा धीरगंभीर आवाज गेला म्हणून अनेक चाहते हळहळले. यंत्राशी माणसाचे नाते केवळ आकड्यांचे नसते, याचा हा पुरावाच म्हणावा लागेल.

७. महाराष्ट्र आणि जर्मन इंजिन

‘एम १३९’ प्रथम भारतात आले ते नोव्हेंबर २०२१ मध्ये, ए ४५ एस या गाडीतून. तिची मूळ किंमत ७९ लाख ५० हजार रुपये होती आणि ती पूर्णपणे तयार होऊन आयात केली जात असे. त्याच्या एक वर्ष आधी, नोव्हेंबर २०२० मध्ये, जीएलसी ४३ कूपे ही भारतात जोडलेली पहिली एएमजी गाडी पुण्याजवळील चाकण येथून बाहेर पडली होती. तिचे इंजिन मात्र वेगळे, तीन लिटरचे सहा सिलिंडरी होते.

परंतु महाराष्ट्राचा मर्सिडीजशी संबंध यापेक्षा पुष्कळ जुना आहे. मर्सिडीज-बेंझची भारतातील कंपनी १९९४ मध्ये स्थापन झाली आणि १९९५ मध्ये तिची पहिली ई-क्लास मोटार टेल्कोच्या पिंपरी येथील कारखान्यातून निघाली. २००९ मध्ये तिचा स्वतंत्र कारखाना चाकणला उभा राहिला. भारतात जोडल्या जाणाऱ्या मर्सिडीज गाड्यांची इंजिने जोडण्याचे व तपासण्याचे काम १९९७ पासून फोर्स मोटर्स करीत आली आहे आणि २०१६ मध्ये त्यासाठी चाकण येथे खास विभाग सुरू झाला. फोर्स मोटर्स म्हणजे पूर्वीची बजाज टेम्पो; फिरोदिया कुटुंबाने पुण्यात वाढविलेली कंपनी. याच कंपनीच्या मॅटाडोर व ट्रॅक्स गाड्यांत मर्सिडीजच्या ‘ओएम ६१६’ या डिझेल इंजिनाचा वापर झाला. वडापच्या ट्रॅक्समध्ये दाटीवाटीने बसून तालुक्याला गेलेल्या असंख्य माणसांनी नकळत जर्मन कुळाच्या इंजिनाची सोबत अनुभवली आहे.

खोपटच्या बसचे कुळही फार वेगळे नाही. १९५४ मध्ये टेल्को आणि डायमलर-बेंझ यांच्यात करार झाला आणि जमशेदपूर येथे टाटा-मर्सिडीज-बेंझ ट्रक बनू लागले. त्यांच्या दर्शनी भागावर तीन टोकांचा तारा असे. १९६९ मध्ये करार संपला, तारा गेला आणि त्या जागी टाटांचे चिन्ह आले. इंजिन मात्र थांबले नाही. त्याच कुळातील सहा सिलिंडरी इंजिनाचा व्यास वाढवीत, घडण सुधारीत ‘६९२’ व ‘६९७’ ही इंजिने आली. विद्यार्थ्याने ज्या दोन इंजिनांची तुलना केली ती वस्तुतः एकाच घराण्यातील दूरची भावंडे आहेत.

हे परिवर्तन आपोआप झाले नाही. टेल्कोची धुरा वाहणारे सुमंत मूळगावकर यांनी करार चालू असतानाच स्वतःच्या पायावर उभे राहण्याची तयारी केली. १९६६ मध्ये पुण्यात अभियांत्रिकी संशोधन केंद्र स्थापन झाले. पुण्याच्या प्रकल्पाचा आरंभ मोटारींपासून नव्हे, तर यंत्रे घडविणाऱ्या यंत्रांपासून झाला. शिकाऊ उमेदवारांच्या प्रशिक्षणावर भर दिला गेला. आधी अवजार, मग माणूस, मग गाडी, असा तो क्रम होता. पंधरा वर्षांचा करार संपला तेव्हा रेखाचित्रे परकी होती, पण हात व बुद्धी आपली झाली होती.

याच्या उलट उदाहरण आपल्या ठाणे जिल्ह्यातच घडले. १९९० च्या दशकात प्रीमियर ऑटोमोबाइल्स आणि फ्रान्सची पेजो कंपनी यांनी एकत्र येऊन कल्याण-डोंबिवली परिसरात पेजो ३०९ ही मोटार जोडण्यास आरंभ केला. गाडी चांगली होती, मागणीही होती. तथापि कामगारांशी निर्माण झालेला संघर्ष, भागीदारांतील बेबनाव आणि विक्रीनंतरच्या सेवेची अडचण यांमुळे दशक संपण्यापूर्वीच हा उपक्रम बंद पडला. मागे राहिल्या त्या सुट्या भागांसाठी वणवण करणाऱ्या गाड्या आणि अर्ध्यावर काम सुटलेली माणसे. कारखाना बंद पडण्याची कारणे अनेक असतात; परंतु रेखाचित्र, साचा आणि संशोधन यांपैकी काहीच येथे रुजले नसेल, तर भागीदार निघून गेल्यावर हाती काही उरत नाही, हा धडा त्यातून मिळतो.

८. कौशल्याचा प्रश्न

चाकणच्या विभागात इंजिन जोडणारा तरुण हात कौशल्यात कोणाहून उणा नाही. परंतु त्याने जोडलेल्या इंजिनाचा दाब किती असावा, हे ठरविण्याचा अधिकार दुसरीकडे आहे. मर्सिडीजचे संशोधन केंद्र १९९६ पासून बेंगळुरू येथे आहे आणि पुण्यातही त्याची शाखा आहे. शासकीय तंत्रनिकेतन, पुणे येथे कंपनीच्या सहकार्याने मोटार-मेकॅट्रॉनिक्सचा प्रगत पदविका अभ्यासक्रमही चालविला गेला. हे स्वागतार्ह आहे. तरीही आपल्या बहुसंख्य महाविद्यालयांत इंजिन म्हणजे कापून रंग दिलेला, काचेआड ठेवलेला नमुना असतो. विद्यार्थी ऑटो चक्राची आकृती निर्दोष काढतो. परंतु स्पार्क प्लग उघडून त्याचा रंग पाहून ज्वलन कसे झाले हे त्यास सांगता येत नाही. दुसरीकडे आगारातला यांत्रिक आवाजावरून इंजिनाचा दोष ओळखतो. पण त्यास ती आकृती कोणी समजावून सांगितलेली नसते. या दोघांमधील भिंत हीच आपली खरी उणीव होय.

अफाल्टरबाखच्या सहीच्या पट्टीचे महत्त्व येथे जाणवते. ती पट्टी विक्रीची क्लृप्ती आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु तिच्यामागे एक विचारही आहे : ज्याच्या हाताने यंत्र घडले त्याचे नाव यंत्रावर असावे. आपल्याकडे बस वेळेवर सुटली तर चालकाचे, फार तर आगारप्रमुखाचे नाव घेतले जाते. रात्रपाळीत गीअरबॉक्स उतरवून पहाटेपर्यंत बसविणाऱ्या माणसाचे नाव नोंदवहीबाहेर येत नाही. ज्या समाजात हाताने काम करणाऱ्याचे नाव लिहिले जात नाही, तेथे विद्यार्थी हात काळे करण्यास का राजी व्हावा?

९. विजेच्या युगात या चर्चेचे प्रयोजन

इंजिनाचे युगच मावळत असताना ही चर्चा कशासाठी, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. १ जून २०२२ रोजी एसटीची ‘शिवाई’ ही विजेवरची बस पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. १९४८ मध्ये एसटीची पहिली बस ज्या मार्गावर धावली होती तोच हा मार्ग. फेब्रुवारी २०२४ मध्ये खोपट येथील स्थानकातूनही विजेवरच्या नव्या बसगाड्यांचा आरंभ झाला. विद्युत मोटरीत दट्ट्या नाही, झडप नाही, टर्बो नाही. सुटे भाग मोजके आहेत. आगारातल्या यांत्रिकाने तीस वर्षांत मिळविलेले कानाचे ज्ञान तेथे फारसे उपयोगी पडत नाही. म्हणून हा प्रश्न अधिकच निकडीचा झाला आहे. बॅटरीतील रसायन, मोटरीतील चुंबक आणि शक्ती नियंत्रित करणारी संगणकीय आज्ञावली यांबाबत आपण पुन्हा केवळ जोडणारे होणार, की १९६६ मधील त्या क्रमाने आधी अवजार व माणूस घडविणार?

या दृष्टीने तीन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, पदवी महाविद्यालये, औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि एसटीची आगारे यांच्यात वर्षातून किमान काही दिवस विद्यार्थ्यांची व कारागिरांची देवाणघेवाण व्हावी. दुसरी, निकामी झालेली इंजिने भंगारात देण्यापूर्वी त्यांतील काही शिक्षणसंस्थांना उघडून जोडण्यासाठी मिळावीत. तिसरी, विजेवरच्या गाड्यांकडे वळताना जुन्या यांत्रिकांच्या पुनर्प्रशिक्षणास प्राधान्य मिळावे. नव्या यंत्राबरोबर नवा माणूस आणून जुन्यास बाजूस सारण्याची चूक होऊ नये.

१०. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, ‘एम १३९’ या इंजिनाचे सामर्थ्य एखाद्या गुप्त युक्तीत नाही. अधिक हवा, अधिक दाब, अधिक वेग आणि हे सारे सोसणारा धातू, एवढेच त्याचे रहस्य आहे. मात्र या ‘एवढ्या’मागे १९६७ पासूनची अखंड परंपरा, अपयशातून शिकण्याची सवय आणि हाताच्या कामाविषयीचा आदर उभा आहे. यंत्र विकत घेता येते, जोडताही येते. परंपरा मात्र घडवावीच लागते, आणि आपण ती एकदा घडविली आहे याची साक्ष खोपटच्या आगारात पावणेसहा लिटरच्या त्या जुन्या इंजिनाने वर्षानुवर्षे दिली आहे.

त्या विद्यार्थ्याला पुढच्या तासिकेस गुणाकाराचे गणित फळ्यावर सोडवून दाखविले. ते वहीत उतरवून घेतल्यावर तो म्हणाला, “मग बाबांचं इंजिन कमी नाही, वेगळं आहे.” प्रस्तुत विषयाचा याहून नेमका निष्कर्ष काढता येईल असे वाटत नाही.